घंगाळाचे खुरपे

दिवाळीच्या आधी चार दिवस आमच्या घरात चिंचेचा वास भरून राही. आई माळ्यावरची तांब्याची भांडी एकेक करून खाली घेई. आधी ताम्हन आणि पळी-पंचपात्री, मग कळशी, मग हंडा, आणि सर्वांच्या शेवटी, दोघांनी दोन कड्यांना धरून उतरवायचे ते आजीचे घंगाळ. वर्षभर काळवंडून बसलेल्या त्या भांड्यावर चिंच-मिठाचा हात फिरला की खालून जो तांबडालाल रंग उमटे, तो पाहायला आम्ही भावंडे परकर-चड्ड्या सावरून मोरीच्या उंबऱ्यावर बसत असू. फटाके, फराळ हे सगळे मागून. आमची दिवाळी त्या रंगापासून सुरू होई.

घंगाळाच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी आजीचे सासरचे नाव, गाव आणि लग्नाचे साल कोरलेले होते. मी अक्षरे पाटीवर शिकले खरी, पण पहिले जोडाक्षर वाचले ते त्या काठावर. नरकचतुर्दशीच्या पहाटे त्यातले कढत पाणी अंगावर घेताना मी बोटाने ते नाव चाचपडून वाचत असे.

ते घंगाळ आज नाही. त्याचे खुरपे झाले आहे. ते कसे झाले, आणि त्यापायी तांब्याच्या हत्यारांच्या मागे मी कुठवर गेले, ते आज सांगायचे आहे. मी कादंबऱ्या लिहिते आणि शाळेत मुलांना इतिहास शिकवते. माझे स्वतःचे शिक्षण मात्र मॅट्रिकपुरते. तेव्हा वाचकांनी यात पंडिताचा अधिकार शोधू नये. घरात भांडण झाले, ते मिटवायला मी पुस्तके उघडली, एवढेच.

आम्ही चेंबूरचे. गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतीत तळमजल्यावर दोन खोल्या आणि पुढे चार हात अंगण. माझे वडील, त्यांना आम्ही अप्पा म्हणत असू, माहुलकडच्या एका तेलशुद्धी कारखान्यात हत्यारांच्या कोठीवर होते. १९५४ आणि १९५५ या लागोपाठच्या दोन वर्षांत माहुलला दोन तेलशुद्धी कारखाने सुरू झाले, १९६५ साली तुर्भ्याला खताचा कारखाना निघाला, आणि वाड्या, मिठागरे नि कोळीवाडे यांच्या या गावाला भोंग्यांवर उठायची सवय लागली. अप्पा त्या भोंग्यांच्या पिढीतले.

कोठीवरच्या नोकरीत त्यांनी एक गोष्ट पाहिली, जी आम्हा बाहेरच्यांना ठाऊक नसते. जिथे तेलाची वाफ असते तिथे पोलादी हातोडा चालत नाही. पोलाद दगडावर किंवा पोलादावर आपटले की त्याचा बारीकसा कण सुटतो, तापतो आणि हवेत पेट घेतो, तीच ठिणगी. तांब्याच्या मिश्रधातूंचे तसे होत नाही. म्हणून अशा जागी हातोडे, पाने, छिन्न्या, इतकेच काय फावडीसुद्धा कांशाच्या जातीच्या धातूंची वापरतात. अप्पा म्हणत, “लोक म्हणतात तांब्याचं युग संपलं. आमच्या कोठीत येऊन बघा म्हणावं, रोज सकाळी मोजून देतो आणि संध्याकाळी मोजून घेतो!” ती पिवळसर, जड, न गंजणारी हत्यारे त्यांनी तीस-पस्तीस वर्षे हाताळली. त्यांच्यावर त्यांचा जीव जडला होता.

निवृत्त झाल्यावर अप्पांनी अंगणात बाग केली. आमची वसाहत भरावावर उभी आहे. वीतभर मातीखाली मुरूम, त्याखाली खाडीचा चिखल. हवेत खाडीचा खार आणि कारखान्यांचा धूर. पावसाळ्यात लोखंडी खुरपे बाहेर विसरले की आठवड्यात त्यावर पापुद्रे धरत. अप्पा दर वर्षी नवे खुरपे आणीत आणि दर वर्षी हळहळत. अशात कुणीतरी त्यांच्या हाती एक माहितीपत्रक दिले. ऑस्ट्रियात विक्टर शाउबर्गर (१८८५-१९५८) नावाचा एक वनरक्षक होऊन गेला. लोखंडी नांगराने जमिनीतले पाणी आणि तिची ताकद हटते, तांब्याने ती टिकते, असे त्याचे मत. त्याने नांगरांना तांब्याचे पत्रे बसवून पाहिले होते, आणि त्याच्या मागे तिकडे बागेसाठी तांब्या-कांशाची हत्यारे करून विकण्याचा धंदाच उभा राहिला. त्या कागदावर फायद्यांची यादी होती: माती सुपीक होते, ओल टिकते, गोगलगाई फिरकत नाहीत, हत्यार गंजत नाही. अप्पांनी तो कागद देवाच्या पोथीसारखा जपून ठेवला. पण त्यातल्या किमती वाचून त्यांनी कपाळाला हात लावला.

आणि मग आई आठ दिवस माहेरी गेली.

घंगाळाला तळाशी चीर गेली होती. घरात पाणी तापवायला विजेचे यंत्र आले होते, तेव्हा घंगाळ दिवाळीपुरतेच खाली येई. चिरेला झाळ लावून घ्यायची, असे आई दोन वर्षे म्हणत होती. अप्पांनी ते पोत्यात घातले आणि कुर्ल्याच्या एका ओताऱ्याकडे नेले. ओताऱ्याने ते फोडून मुशीत वितळवले, दहा भाग तांब्याला एक भाग कथील घातले, आणि वाळूच्या साच्यात एक खुरपे आणि एक लहान कुदळी ओतून दिली. उरलेले तांबे मजुरीपोटी त्याच्याकडेच राहिले.

आई परत आली. तिने आधी माळ्याकडे पाहिले, मग अंगणात पाहिले. ती ओरडली नाही. एवढेच म्हणाली, “सासूबाईंचं नाव कुठं गेलं?”

अप्पा म्हणाले, “आतच आहे की. तांबं कुठं जातंय?”

“वाचता येतंय का?”

याला अप्पांकडे उत्तर नव्हते. त्यानंतर पुष्कळ दिवस त्या घरात जेवताना फक्त आमटी वाढल्याचा आवाज येई. आईचे म्हणणे, ज्या धातूने देवाला अर्घ्य द्यायचे त्याने माती उकरायची हे कुठल्या शास्त्रात बसते? अप्पांचे म्हणणे, आपले पूर्वज तांब्याच्या नांगरानेच शेती करीत होते. म्हणून तर त्या युगाला ताम्रयुग म्हणतात. “विचार तुझ्या लेकीला. ती इतिहास शिकवते.”

झाले! मी मध्ये पडले ती अशी.

आता शाळेच्या पुस्तकात ताम्रपाषाणयुगाला एक धडा असतो आणि तो आम्ही एका तासात उरकतो. महाराष्ट्राला मात्र त्या काळाचा अभिमान वाटावा असे पुष्कळ काही आपल्याच नद्यांकाठी सापडलेले आहे. संगमनेरजवळ प्रवरेच्या तीरावर जोर्वे नावाचे गाव आहे. तिथे १९५०-५१ साली डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलियांनी आणि शां. भा. देवांनी उत्खनन केले. लाल रंगावर काळी नक्षी काढलेली, ठणठणीत वाजणारी भांडी निघाली. त्या संस्कृतीला जगात आज जोर्वे संस्कृती असेच नाव आहे. तिचा काळ सुमारे इसवी सनापूर्वी १४०० ते ७००. आणि त्याच गावी तांब्याच्या सपाट कुऱ्हाडी मिळाल्या. म्हणजे अप्पांची बाजू खरी म्हणायची! मी उत्साहाने पुढे वाचू लागले.

त्याच प्रवरेवर, खाली श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. १९७४ साली तिथे एक शेतकरी एका झुडपाचे मूळ उपटण्यासाठी खणत होता. त्याला जमिनीत चार कांस्यशिल्पे लागली: हत्ती, गेंडा, रेडा, आणि बैलजोडी जुंपलेला रथ हाकणारा एक माणूस. चारी भरीव, आणि मिळून वजन साठ किलोंहून अधिक. काही पंडितांनी ती उत्तर हडप्पाकाळातली, चार हजार वर्षांपूर्वीची मानली. काहींनी त्या धातूतल्या सोमलाच्या प्रमाणावर बोट ठेवून शंका घेतली. तो वाद मोठ्यांचा आहे. मी मुलांना घेऊन मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात दायमाबादचे ते वैभव पाहायला गेले, तेव्हा माझ्या मनात वेगळेच आले. ज्या भूमीत कित्येक शतके कुऱ्हाडीच्या पात्याएवढे तांबेही महाग होते, तिथे साठ किलो धातू एका जागी पुरला गेला, आणि त्यातून एकही नांगराचा फाळ केलेला नव्हता!

कारण पुढे वाचत गेले तशी अप्पांची बाजू लंगडी पडू लागली. शिरूर तालुक्यात घोड नदीवर इनामगाव आहे. १९६८ पासून दहा-बारा हंगाम तिथे उत्खनन चालले. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी एक अख्खे गाव मातीखालून वर काढले. शंभराहून अधिक घरे, धान्याच्या कणग्या, पाटाचे पाणी नेण्यासाठी खणलेला कालवा, जव आणि गहू, मसूर आणि कुळीथ. अशा या कसलेल्या शेतकऱ्यांच्या गावात तांबे सापडते ते किती? मणी, बांगडी, छिन्नी, गळ, असे थोडेथोडकेच. पीक कापायला ते दगडाची पाती वापरीत. गारगोटीच्या जातीच्या गुळगुळीत दगडाची, नखाएवढ्या रुंदीची धारदार पाती काढायची आणि लाकडाच्या खाचेत डिंकाने ओळीने बसवायची, की झाला विळा. जमीन उकरायला लाकडाच्या काठ्या, आणि जवळच्याच वाळकी या ठिकाणी तर हाडाचा फाळ मिळाला आहे.

वाचकहो, मौज पाहा. ज्या युगाला आपण तांब्याचे नाव दिले, त्या युगात आपल्याकडची माती हाडाने आणि लाकडाने उकरली जात होती, आणि कणीस दगडाने कापले जात होते. दख्खनच्या काळ्या दगडात तांबे नाही, कथील तर नाहीच. तांबे बहुधा राजस्थानातून किंवा गुजरातेतून यायचे, असे संशोधक म्हणतात. इतक्या लांबून आलेली वस्तू मुरमावर कोण आपटणार? कुऱ्हाड करायची ती रान तोडायला. बाकीचे तांबे अंगावर घालायला.

मी हे घरी सांगितले तेव्हा आईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसले. अप्पा काही बोलले नाहीत. पण मी त्या रात्री एक गोष्ट वाचली, जी दोघांनाही लगेच सांगण्याचे मला धैर्य झाले नाही.

नेवासे आपल्याला ज्ञानेश्वरांमुळे माहीत आहे. तिथे १९५४ ते १९५६ या काळात प्रवरेकाठच्या टेकाडात उत्खनन झाले. जोर्वे संस्कृतीचे लोक दगावलेली लहान मुले गावाबाहेर नेत नसत. दोन मडक्यांची तोंडे एकमेकांना जुळवून त्यात लेकरू ठेवीत आणि घराच्याच जमिनीखाली पुरीत. नेवाश्याला अशाच एका लेकराच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. आणि नवल असे, की तीन हजार वर्षांनंतरही मण्यांच्या आत ओवलेल्या दोऱ्याचा अंश शिल्लक होता. तपासणीत त्यात कापूस आणि रेशीम निघाले. कुजवणारे सूक्ष्म जीव तांब्याच्या क्षारांपुढे टिकत नाहीत, म्हणून ज्या मातीत सारे विरून गेले तिथे मण्यांच्या पोटातला तो धागा तेवढा राहिला.

ज्या घरात विळ्याला लावायला तांबे नव्हते, त्या घराने लेकराच्या गळ्यातले तांबे काढून घेतले नाही. मी दिवा मालवून पुष्कळ वेळ जागी होते. आईचे भांडण मला त्या रात्री कळले. ती तांब्यासाठी भांडत नव्हतीच.

यानंतर लोखंड आले. विदर्भात नागपूरजवळ नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात मिळाली आहे. तिचा काळ इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासचा. शिलावर्तुळे रचून त्यांच्या पोटात मृतांना ठेवणारे ते लोक. त्यांच्या कुऱ्हाडी पाहिल्या तर प्रथम त्या लोखंडाच्या वाटतच नाहीत. सपाट, दांडा बसवायला छिद्र नसलेल्या, हुबेहूब जुन्या तांब्याच्या कुऱ्हाडींच्या घाटाच्या. नवा धातू काही काळ जुन्या धातूचेच कपडे घालून वावरला. मग त्याला आपली ताकद कळली. तांबे सुमारे १०८५ अंशांवर वितळते, लोखंडाला १५३८ अंश लागतात. म्हणून ते वश व्हायला उशीर लागला. पण लोखंडाचा दगड आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी मिळतो, आणि तापवून घडवलेल्या पात्याची धार मुरमातही टिकते. काळ्या चिकण जमिनीत खोल शिरायला लोखंडी फाळच हवा होता. महाराष्ट्र भाकरीला लागला तो लोखंडाच्या जिवावर, हे अप्पांनाही मान्य करावे लागले.

आणि तांबे? त्याच विदर्भात ते भांड्यांत गेले. त्या शिलावर्तुळांतून तांब्याची भांडी मिळाली आहेत आणि त्यांच्या झाकणांवर इवले तांब्याचे पक्षी बसवलेले आहेत. रानातून तांबे घरात आले ते असे, आणि आपल्या माळ्यापर्यंत पोचले.

भाषेनेही हा बदल पाहिला आहे. यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत धातूंची एक यादी आहे. तिच्यात ‘श्याम’ आणि ‘लोह’ अशी दोन वेगळी नावे येतात. काळा तो श्याम, म्हणजे लोखंड. आणि लोह म्हणजे तांबडा धातू, म्हणजे तांबे! पुढे लोखंडाने तांब्याचे कामच घेतले असे नाही, त्याचे नावही घेतले. ताम्राकडे मात्र रंग राहिला. आपण तांबडी माती म्हणतो, पहाटे तांबडे फुटले म्हणतो, त्यात तोच धातू बोलतो.

नावाचा विषय निघाला आणि मला पुन्हा आईचा प्रश्न आठवला. आपल्याकडे शेत लोखंडाने नांगरले गेले, पण ते कुणाचे हे लिहिले गेले तांब्यावर. राजे जमीन दान देत ती ‘आचंद्रार्क’, सूर्य-चंद्र असेतोवर. आणि तसे टिकणारे काही हवे म्हणून ताम्रपट कोरीत. आमच्या चेंबूरहून फार दूर नाही, ठाण्याच्या किल्ल्यात १७८७ साली खोदकाम चालले असता शिलाहार राजा अरिकेसरी याचा ताम्रपट मिळाला. साल शके ९३९, म्हणजे इसवी सन १०१७. साडेसातशेहून अधिक वर्षे तो जमिनीत होता म्हणून वाचला. वर राहिला असता तर? एखाद्या दुष्काळात कुणीतरी तो तांबटाकडे नेला असता आणि त्याची कळशी झाली असती. किती ताम्रपटांच्या कळश्या झाल्या असतील, किती कुऱ्हाडींची घंगाळे!

इथे मला अप्पांच्या बोलण्यातला अर्थ लागला. लोखंड गंजून माती होते. तांबे वर्षानुवर्षे वापरात राहते, आणि मोडले तरी मोडीच्या भावाने का होईना पुन्हा मुशीत जाते. पण दर वेळी मुशीतून निघताना ते मागचे नाव विसरते. जमिनीत पुरलेले तांबे तेवढे आपले नाव सांगते. आजीच्या घंगाळातले तांबे त्याआधी काय होते, कुणाचे होते, हे कुणी सांगावे? तेही कुणाचे तरी नाव पुसूनच आमच्या घरी आले असणार. हे मी आईला सांगितले. ती म्हणाली, “असेल. पण ते मी वाचलेलं नव्हतं.” इतिहासाच्या शिक्षिकेला याहून नेमका धडा कुणी दिला नसेल.

आता राहिला तो माहितीपत्रकाचा प्रश्न. तांब्याच्या खुरप्याने माती खरोखर सुधारते का? आमच्या शाळेच्या मागे एक पडीक तुकडा आहे. तिथे मुलांकडून आम्ही दोन सारखे वाफे करवून घेतले. एक लोखंडी खुरप्याचा, एक कांशाच्या. दोन्हींत तीच माती, तेच शेणखत, तेवढेच मेथीचे बी. अप्पा रोज संध्याकाळी हातात काठी घेऊन पाहणीला येत. मेथी निघाल्यावर मुलांनी तराजूत तोलली. पहिल्या खेपेला कांशाचा वाफा छटाकभर वरचढ ठरला आणि अप्पांनी मुलांना चिक्की वाटली. दुसऱ्या खेपेला लोखंडाचा वाफा वरचढ ठरला. तिसऱ्या खेपेला दोन्ही सारखे. गोगलगाय तर आमच्या डोळ्यांदेखत खुरप्याच्या पात्यावरून चालत गेली.

शास्त्राचे म्हणणेही काही निराळे नाही. पिकाला तांबे लागते, पण कणभर. आणि खुरप्याच्या झिजेतून जाणारे तांबे त्या कणाच्याही हिशेबात येणार नाही. जास्त झाले तर उलट अपाय. फ्रान्समध्ये बोर्दो गावाकडे द्राक्षचोरांना भीती वाटावी म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मळेवाले मोरचूद आणि चुना शिंपडीत. त्या वेलींना केवडा रोग लागत नाही हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाने हेरले आणि १८८५ साली ते औषध जाहीर केले. तेच आपले बोर्डो मिश्रण. नाशिकच्या द्राक्षांवर आणि कोकणात पोफळीच्या कोळेरोगावर ते अजून मारतात. पण पिढ्यान्‌पिढ्या मारलेल्या मळ्यांत तांबे साठून गांडुळांना त्रास होतो, असेही आता आढळले आहे. तांबे हे बागेत औषधासारखे, बेताने वापरायचे.

त्या मिश्रणाची एक गंमत मी दर वर्षी वर्गात दाखवते. किलोभर मोरचूद, किलोभर चुना, शंभर लिटर पाणी, असे त्याचे माप. आम्ही अर्थात चिमटीने करतो. ते लोखंडी भांड्यात करायचे नसते. तयार झाले की बागाईतदार त्यात विळ्याचे स्वच्छ पाते क्षणभर बुडवतो. पात्यावर तांबूस पुट चढले तर समजायचे की मोरचूद मोकळे आहे, चुना आणखी घालायला हवा. पुट चढले नाही तर औषध झाले. लोखंडाच्या पात्यावर तांबे हळूच येऊन बसते, तेव्हा मुले “बाई, विळा लाजला!” म्हणून ओरडतात.

मग कांशाच्या हत्याराचा फायदा काय? तिसऱ्या तोलणीनंतर मी अप्पांना हळू आवाजात म्हटले, “मातीला काही फरक पडत नाही हो, अप्पा.” मला वाटले ते खट्टू होतील. ते खुरपे हातात फिरवीत म्हणाले, “मातीला नसेल कळत. हाताला कळतं.”

आणि ते खरे होते. हे खुरपे आमच्या खाऱ्या हवेत इतके पावसाळे बाहेर राहिले, पण त्याला गंज माहीत नाही. फार तर हिरवट झाक येते, तिच्याखाली धातू शाबूत. ओली चिकण माती त्याच्या गुळगुळीत पात्याला धरून राहत नाही. धार गेली तर दगडावर घासून झिजवावे लागत नाही. कडेला हातोडीने हलके ठोकले की पाते पातळ आणि टणकही होते. जोर्व्याचा कारागीरही कुऱ्हाडीची कड अशीच ठोकीत असणार. दोषही सांगते. मोठा दगड लागला की पाते वाकते. मुरमात ते लोखंडापुढे हार खाते. किंमत विचाराल तर लोखंडाच्या कितीतरी पट. गरीब शेतकऱ्याला ते घ्या म्हणणे हा चेष्टेचा विषय होईल. पण एक गोष्ट मी मुलांत पाहिली. लोखंडी खुरपी ती वाफ्यात टाकून पळतात. कांशाचे खुरपे धुऊन, पुसून परत येते. ते वाकते म्हणून मुले दगड आधी हाताने उचलतात. महागाची वस्तू माणसाला शिस्त लावते, की जुन्या वस्तूचा मान आपोआप राखला जातो, हे मला ठरवता आलेले नाही.

अप्पा आता नाहीत. गेल्या त्या वर्षी दिवाळीच्या आधी मी शाळेतून ते खुरपे घरी आणले, सुट्टीत हरवू नये म्हणून. सकाळी उठून पाहते तो मोरीत आई बसलेली. पुढ्यात ताम्हन, कळशी, हंडा. आणि त्यांच्या ओळीत ते खुरपे. तिने त्याच्या पात्याला चिंच लावली होती आणि अंगठ्याने ती चोळत होती. तिचे वय आता ऐंशीला टेकले आहे, नजर अधू झाली आहे. मी काही न बोलता जवळ बसले. तेव्हाच मी तिला नेवाश्याच्या त्या लेकराची आणि मण्यांतल्या धाग्याची गोष्ट सांगितली. इतकी वर्षे सांगितली नव्हती. ती ऐकत राहिली. मग विचारले, “त्या पोराचं नाव काय होतं, लिहिलंय का कुठं?”

“नाही.”

“बघ,” ती म्हणाली, आणि खुरप्यावर पाणी ओतले. खालून तोच तांबडालाल रंग वर आला, कथिलामुळे जरासा पिवळटलेला. तिने ते पदराने पुसून माझ्या हाती दिले. “सुट्टी संपली की पोरांना नेऊन दे. आणि सांग त्यांना, हे कुणाच्या घंगाळाचं आहे ते. नाव घेऊन सांग.”

म्हणून दर वर्षी ताम्रपाषाणयुगाचा धडा मी आता एका तासात उरकत नाही. जोर्वे होते, इनामगाव होते, नेवासे होते. आणि शेवटी मी टेबलावर खुरपे ठेवते आणि माझ्या आजीचे पूर्ण नाव, गाव आणि लग्नाचे साल फळ्यावर लिहिते. मुले ते वहीत उतरवून घेतात. परीक्षेत ते येत नाही, तरीही.